संगणकावरील पॅड व आपलीं तालवाद्यें

वाद्य हातीं आल्यावर वादकाचें पहिलें काम तें वाजविणें हें नसून तें लावून घेणें हें होय. तबलजी बैठकींत बसला म्हणजे प्रथम हातोडी उचलतो, गजऱ्यावर ठोके देतो, गठ्ठे वर-खालीं सरकवितो, आणि षड्ज नीट मिळाल्यावांचून बोल काढीत नाहीं. ढोलवाला दोरी ओढून ताण पाहतो. पावसाळ्याच्या दिवसांत चामडें ओलसर झालें असेल तर तें शेकून घेतो. संगणकावरील तालवाद्यांस मात्र असें कांहींच करावें लागत नाहीं, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची व त्यांच्या पालकांचीही समजूत दिसते. आज्ञावली उघडली, पडद्यावर सोळा चौकोन दिसले, एकावर बोट ठेवलें, आवाज निघाला. मग लावावयाचें काय राहिलें? जें राहिलें तेंच सांगण्यासाठीं हा पाठ आहे.

ह्या चौकोनांस पॅड म्हणतात. त्यांची वंशावळ फार जुनी नाहीं. निरनिराळ्या कारखान्यांचीं विद्युत्-वाद्यें एकमेकांशीं जोडतां यावीं म्हणून १९८३ सालीं मिडी नांवाची एक सांकेतिक भाषा प्रचारांत आली. अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ व जपानांतील इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होत. पुढें दोनच वर्षांनीं, म्हणजे १९८५ सालीं, काकेहाशी यांच्या रोलंड कंपनीनें आठ रबरी चौकोनांचें ऑक्टापॅड विक्रीस आणलें. लग्नांत किंवा हळदींत ज्यानें बेंजो पार्टी ऐकली आहे त्याला हें नांव अपरिचित असावयाचें नाहीं. १९८८ सालीं रॉजर लिन यांच्या कल्पनेनुसार अकाई कंपनीनें एम्‌पीसी ६० हें यंत्र काढलें. त्यावर चार ओळींत चार-चार असे सोळा पॅड होते. आज संगणकाच्या पडद्यावर आपण जे सोळा चौकोन पाहतों, ती त्या यंत्राचीच प्रतिमा आहे.

आतां एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं प्रथमच नीट ध्यानांत ठेवावी. पॅडमध्यें आवाज नसतो. पॅडवर आघात झाला कीं तो केवळ दोन आंकडे पाठवितो: एक, कोणतें वाद्य, आणि दुसरा, आघात किती जोराचा. पहिल्याला नोट क्रमांक म्हणतात, दुसऱ्याला व्हेलॉसिटी. आंकडे पोंचल्यावर त्यांचा अर्थ लावून त्या त्या क्रमांकाचा मुद्रित आवाज ऐकविणें हें आज्ञावलीचें काम. तेव्हां पॅड 'लावणें' म्हणजे, कोणत्या आंकड्याचा अर्थ काय घ्यावयाचा हें आपण ठरविणें होय. आपण तें न ठरविल्यास दुसऱ्या कोणीं तरी तें आधींच ठरवून ठेवलेलें असतें.

तें कोणीं व कसें ठरविलें? १९९१ सालीं कारखानदारांनीं ह्या क्रमांकांची एक सर्वमान्य यादी केली. तालवाद्यांकरितां तींत ३५ पासून ८१ पर्यंत ४७ आवाज आहेत. ३६ व्या क्रमांकावर पाश्चात्य बँडमधील पायानें वाजणारा मोठा ड्रम, ३८ वर स्नेअर, ४२ वर हाय-हॅट नांवाची मिटलेली झांज व ४६ वर तीच झांज उघडी. पुढें क्यूबाकडील बोंगो व कोंगा आहेत. ब्राझीलकडील कुइका नांवाचें घासून वाजविण्याचें वाद्यही आहे. ह्या ४७ आवाजांत तबला नाहीं, मृदंग नाहीं, ढोलकी नाहीं. यादी करणाऱ्यांनीं आपल्या कानांवर नेहमीं पडणारीं वाद्यें लिहिलीं. त्यांत द्वेषबुद्धि होती असें समजण्याचें कारण नाहीं. परंतु परिणाम व्हावयाचा तो होतोच. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहें व दुसऱ्या तीरावर अष्टमी. तेथील मुलगा आज्ञावली उघडून पहिल्या पॅडला स्पर्श करतो तेव्हां त्याला ऐकूं येतो तो दुसऱ्या खंडांतल्या बँडचा ड्रम. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या पालखीपुढें जो ढोल त्यानें लहानपणापासून ऐकला, तो त्या सोळा चौकोनांत कोठेंही नसतो. हळूहळू त्याला असें वाटूं लागतें कीं, संगणकावर वाजतें तेंच खरें संगीत, आणि गांवचा खालूबाजा म्हणजे मागें पडलेली वस्तु. हें मला घातक वाटतें. आणि त्यावरील उपाय अगदीं साधा, म्हणजे आज्ञावलीच्या मांडणींत हात घालण्याचा, आहे.

परकें यंत्र आपल्या कामास जुंपतां येतें ह्याचें एक उदाहरण मुंबईचेंच आहे. चित्रपटसंगीतांत वादक असलेले चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं जपानी बनावटीचीं यंत्रें घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. तिला ताल देणारें यंत्र रोलंडचें टी.आर. ८०८ होतें. त्या यंत्रावर ओळीनें सोळा बटणें असतात. तीं करणाऱ्यांच्या मनांत त्रितालाच्या सोळा मात्रा खचित नव्हत्या. तरी आपल्या विद्यार्थ्यांस तो योगायोग गमतीचा वाटेल. मात्र येथें एक घोटाळा टाळावा. त्या बटणांची सोळा ही संख्या काळाची आहे, पॅडची सोळा ही संख्या अक्षरांची आहे. पॅड म्हणजे मात्रा नव्हे. पॅड म्हणजे बोल.

म्हणून प्रथम बोलांची मांडणी करूं. तबल्यापासून आरंभ करावा, कारण त्याचे बोल ठरलेले आहेत. डग्गा डाव्या हाताचा, तबला उजव्या हाताचा. तेव्हां डावीकडील दोन उभ्या ओळी डग्ग्यास व उजवीकडील दोन तबल्यास द्याव्या. सर्वांत खालची आडवी ओळ हातास जवळ, म्हणून तेथें नित्याचे बोल: 'क', 'गे', 'ना', 'तिं'. तिच्या वर 'तूं', 'ते', 'टे' वगैरे. कित्येक तयार संचांत 'धा' हा बोल एकाच पॅडवर दिलेला असतो. वस्तुतः 'धा' म्हणजे डाव्या हाताचा 'गे' आणि उजव्या हाताचा 'ना' एकदम. दोन्ही हात कधींही काटेकोर सारख्या जोरानें पडत नाहींत, आणि त्या लहानशा फरकांतच वादकाचा हात ओळखूं येतो. ज्याच्याजवळ हातानें वाजविण्याचे खरे पॅड आहेत त्यानें 'धा' करितां दोन पॅड एकदम वाजवावे. जो केवळ उंदरानें, म्हणजे माऊसनें, पडद्यावर टिचकी देतो त्याला दोन चौकोन एकाच वेळीं दाबतां येत नाहींत. त्यानें एका पॅडखालीं दोन्ही आवाजांचे थर ठेवावे. हा नाइलाज आहे, आदर्श नव्हे. थर ठेवतांना दोन्ही आवाज थोडे खालीं आणावे. दोन सारखे आवाज तंतोतंत एकावर एक पडले तर पातळी सुमारें ६ डेसिबलनें वाढूं शकते, आणि मर्यादा ओलांडली कीं आवाज चिरकतो.

आतां मांडणींतील सर्वांत उपयुक्त व सर्वांत दुर्लक्षित असा भाग पाहूं. डग्ग्यावर 'गे' वाजविला कीं त्याचा घुमारा कांहीं काळ चालतो. त्यावर 'क' पडला कीं तळव्यानें पुडी दाबली जाते आणि घुमारा तत्काळ थांबतो. संगणकाला हें ठाऊक नाहीं. त्याच्या हिशेबीं 'गे' हा एक आवाज, 'क' हा दुसरा. तो दोन्ही चालूं देतो, आणि एकाच डग्ग्याचे जणूं दोन डग्गे होतात. अशा वाजविण्यांत सगळे बोल बरोबर असूनही सगळा चिखल झालेला ऐकूं येतो. आणि ऐकणारा म्हणतो, 'यंत्राचा तबला, दुसरें काय होणार!' दोष यंत्राचा नसतो. बहुतेक आज्ञावलींत पॅडांचे गट करण्याची सोय असते; एका गटांतला पॅड वाजला कीं त्याच गटांतला आधींचा आवाज तुटतो. कोठें तिला 'चोक' म्हणतात, कोठें 'कट' किंवा 'म्यूट'. ती मूळची उघडी व मिटलेली हाय-हॅट एकाच वेळीं वाजूं नयेत म्हणून केलेली आहे. तिचा आपण डग्ग्यासाठीं उपयोग करावा: 'गे' व 'क' एका गटांत. तबल्याचे 'ना', 'तिं', 'तूं', 'ते', 'टे' हे दुसऱ्या गटांत. हे दोन गट एकत्र मात्र कदापि करूं नयेत. केल्यास उजव्या हाताच्या प्रत्येक 'ना' बरोबर डाव्या हाताचा घुमारा तुटेल. आवाज तोडतांना तो एकदम कापला गेला तर 'टक्' असा खडा लागतो. तेथें थोडासा उतार, सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याइतका, द्यावा म्हणजे पुरे.

तळव्याच्या टाचेनें दाब देऊन डग्ग्याचा घुमारा वर चढविण्याची जी मींड असते, ती ह्या साध्या मांडणींत येत नाहीं. कांहीं पॅड दाबाचा आंकडाही पाठवितात व त्यावर स्वर चढविण्याची योजना करतां येते. पण खऱ्या डग्ग्याजवळ ती जाते असें मला आजवर ऐकूं आलेलें नाहीं.

ढोल व टिमकी ह्यांचें दुखणें निराळें आहे. खालूबाजांत सनई, ढोल व टिमकी असतात. सनई ही पॅडची वस्तु नव्हे, ती सोडून देऊं. ढोलाला एका बाजूस काठी व दुसऱ्या बाजूस हाताची थाप. येथें मुख्य प्रश्न जोराचा, म्हणजे व्हेलॉसिटीचा आहे. हा आंकडा १ पासून १२७ पर्यंत असतो. सात द्विमान अंकांनीं ० ते १२७ अशा १२८ संख्या लिहितां येतात, आणि त्यांतील शून्य 'आवाज बंद' ह्या अर्थीं वापरलें जातें, म्हणून ही मर्यादा. बहुतेकांची अशी कल्पना असते कीं, आंकडा वाढला म्हणजे तोच आवाज मोठा करावा. ढोलाजवळ उभें राहून ऐकावें म्हणजे ही कल्पना टिकत नाहीं. हळू थाप दिली तर खालचा गंभीर घुमार तेवढा ऐकूं येतो. जोरानें काठी पडली तर लांकडाचा व चामड्याचा कडका आधीं येतो आणि घुमार मागाहून. मोठा आवाज हा लहान आवाजाची फुगविलेली प्रत नसून मुळांतच निराळा आवाज आहे. म्हणून एकाच पॅडसाठीं निदान तीन मुद्रणें घ्यावीं: हळू, मध्यम व जोराचें. त्यांस जोराच्या हद्दी वांटून द्याव्या.

ह्या हद्दी कोठें आंखावयाच्या हें पुस्तकांतून ठरवूं नये. विद्यार्थ्यानें पॅडवर दहा आघात हळू, दहा मध्यम व दहा आपल्या पूर्ण जोरानें करावे, आणि आज्ञावली दाखविते ते आंकडे वहींत लिहावे. समजा, हळू आघात २० ते ४०, मध्यम ४५ ते ७०, आणि पूर्ण जोराचे ७५ ते ९५ आले. आतां संच करणाऱ्यानें जोराचा थर १०० च्या पुढें ठेवला असेल तर ह्या मुलाचा हात त्या थरापर्यंत कधींच पोंचणार नाहीं. ढोलाचा कडका त्याच्या संचांत असूनही तो त्याला जन्मांत ऐकूं येणार नाहीं, आणि अधिक मोठ्यानें मारून तो बिचारा पॅड व मनगट दोन्ही दुखवील. उपाय दोन. हद्दी खालीं आणाव्या, म्हणजे १ ते ४२, ४३ ते ७२ व ७३ ते १२७ अशा. किंवा पॅडची जोराची वक्ररेषा बदलावी, म्हणजे त्याच आघाताला अधिक आंकडा मिळेल. थोरल्या भावाच्या हाताची मांडणी धाकट्या बहिणीला चालणार नाहीं, हें पालकांनींही ध्यानांत घ्यावें. घरांत दोघें वाजविणारीं असतील तर दोघांच्या दोन मांडण्या निरनिराळ्या नांवांनीं जतन कराव्या.

माऊसनें टिचकी देणाऱ्यास जोर दाखवितां येत नाहीं. कांहीं आज्ञावलींत चौकोनाच्या वरच्या भागावर टिचकी दिली कीं खालच्या भागावर, ह्यावरून जोर ठरतो. कांहींत सर्व टिचक्यांस एकच आंकडा मिळतो व मग तो मागाहून एकेक करून बदलावा लागतो.

टिमकी लहान, दोन बारीक काड्यांनीं जलद वाजणारी. एकच मुद्रण सेकंदाला आठ-दहा वेळां ऐकविलें तर तें वाद्य वाटत नाहीं, शिवणयंत्र वाटतें. खऱ्या टिमकीवर दोन आघात कधीं एकसारखे होत नाहींत. तेव्हां उजव्या काडीचीं तीन-चार व डाव्या काडीचीं तीन-चार मुद्रणें घेऊन तीं पाळीपाळीनें वाजतील अशी योजना करावी. रबरी पॅडवर जलद वाजवितांना आणखी दोन उपद्रव होतात. एक आघात दोनदां मोजला जातो, किंवा एका पॅडचा हादरा शेजारच्या पॅडला लागून तोही वाजतो. पहिल्यास दोन आघातांमधील किमान अंतराची व दुसऱ्यास किमान जोराची मर्यादा थोडी थोडी वाढवावी. फार वाढविल्यास हळू बोल गिळले जातात. म्हणून उपद्रव थांबतांच हात आवरावा.

ह्यानंतर विलंब. बोट पडणें आणि आवाज ऐकूं येणें ह्यांत कांहीं काळ जातो. संगणक आवाजाचे नमुने थोडे थोडे सांठवून मग पुढें पाठवितो. सेकंदाला ४४,१०० नमुने असले व एका वेळीं १२८ सांठविले तर त्यास सुमारें २.९ सहस्रांश सेकंद लागतात, आणि १,०२४ सांठविले तर सुमारें २३. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे पहिला विलंब वाद्य एक मीटरवर असल्यासारखा आणि दुसरा आठ मीटरवर असल्यासारखा. मांडीजवळचा तबला आठ मीटरवर ठेवून कोणी वाजवील काय? म्हणून वाजवितांना हा सांठा लहान ठेवावा. आवाज तुटूं लागल्यास एक पायरी वाढवावी. बिनतारी कर्णयंत्रें तर वाजवितांना लावूंच नयेत. त्यांचा विलंब पुष्कळदां सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही अधिक असतो, आणि मुलगा बिचारा आपलाच ताल कच्चा समजून खट्टू होतो.

शेवटीं स्वर. साध्या ताणलेल्या चामड्याच्या उपस्वरांचें मूळ स्वराशीं पूर्णांकी नातें नसतें, म्हणून साध्या ढोलाचा स्वर गळ्यानें नेमका धरतां येत नाहीं. तबला व मृदंग ह्यांच्या पुडीवरील शाईमुळें मात्र पहिले कांहीं उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा नात्यांत येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं शिवकाली कुमार यांच्यासह १९२० सालीं 'नेचर' पत्रांत ही गोष्ट दाखवून दिली. ह्याचा आपल्या मांडणीशीं संबंध असा कीं, ढोल गाण्याच्या षड्जाला थोडा चुकला तरी चालतें, पण तबला चुकला तर गाणाऱ्याचा जीव घाबरा होतो. आज्ञावलींत स्वर वर-खालीं करण्याची कळ असते. साध्या रीतीनें स्वर चढविला कीं मुद्रण जलद फिरतें व आंखूड होतें. काळी एकमध्यें मुद्रित केलेला बोल काळी दोनला नेला तर एक सेकंदाचा बोल सुमारें ०.८९ सेकंदांत संपतो. इतकें बहुधा खपतें. त्याहून दूर न्यावयाचें असेल तर तबला पुन्हां लावून पुन्हां मुद्रित करणें हेंच बरें. लांबी कायम ठेवून स्वर बदलण्याची युक्तिही असते, पण ती बोलाच्या आरंभींची धार बोथट करते.

मुद्रण करण्याविषयीं थोडें सांगतों. भ्रमणध्वनीवरही कामापुरतें मुद्रण होतें. वारा, पंखा व भिंतींचा प्रतिध्वनि टाळला म्हणजे झालें. अंथरुणा-पांघरुणांनीं भरलेली खोली ह्या कामीं चांगली. वाद्य मात्र गांवांतील जाणत्या वादकाकडून वाजवून घ्यावें. त्याची रीतसर अनुमति घ्यावी, आवाज कोठें व कशासाठीं वापरणार हें त्याला सांगावें, आणि संच तयार झाल्यावर प्रथम त्यालाच ऐकवावा. 'क' पडल्यावर घुमारा थांबला कीं नाहीं, कडका आधीं आला कीं नाहीं, हें तो क्षणांत सांगेल. त्याप्रमाणें गट व हद्दी पुन्हां लावाव्या.

प्रत्येक मुद्रणास अर्थपूर्ण नांव द्यावें: 'ढोल, काठी, जोराचा, दुसरा' असें. कोणत्या पॅडला कोणता नोट क्रमांक दिला त्याचा तक्ता वहींत लिहावा. कारण आपली रचना दुसऱ्याच्या संगणकावर गेली आणि तक्ता नसला तर तेथें ३६ व्या क्रमांकावरील आपला 'गे' पुन्हां बँडचा ड्रम होऊन वाजेल. पुष्कळ आज्ञावलींत संचाच्या फाईलमध्यें आवाज नसतात, ते कोठें ठेवले आहेत एवढाच पत्ता असतो. म्हणून आवाजांचा सर्व फोल्डर संचाबरोबर एकत्र ठेवावा, त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर द्यावी, आणि त्यांत एका साध्या कागदावर वादकाचें नांव, गांव, वाद्य व मुद्रणाची तारीख लिहून ठेवावी.